विद्यार्थ्यांचे अध्ययन व रोजगारक्षमता वाढविणारे प्रकल्प आणि विद्यापीठीय अनुदान : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

सारांश

उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे अध्ययन अधिक सकस व्हावे व पदवीनंतर त्यांना रोजगार मिळविता यावा, या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोग, केंद्र शासन, राज्य शासन व विद्यापीठे यांच्याकडून विविध प्रकारचे अनुदान दिले जाते. प्रस्तुत लेखात या अनुदानाचे प्रकार, ते महाविद्यालयापर्यंत पोहोचण्याचा मार्ग, त्यातील अटी व अडचणी यांचा परामर्श घेतला आहे. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील ग्रामीण विद्यार्थ्यांच्या परिस्थितीच्या अनुषंगाने अनुदानाची उपयुक्तता तपासली आहे. नव्या अभ्यासक्रमात कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण सर्वांना आवश्यक झाले असताना, त्यासाठी लागणारा किरकोळ परंतु अटळ खर्च मात्र कोणत्याही एका योजनेत नीट बसत नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

बीजशब्द : प्रकल्प अनुदान, रोजगारक्षमता, कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम, उपयोगिता प्रमाणपत्र, ग्रामीण विद्यार्थी, मराठवाडा.

प्रस्तावना

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे झाली. तोपर्यंत या भागातील महाविद्यालये १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होती. नांदेड, लातूर व परभणी आणि १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली असे चार जिल्हे नव्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील मुख्य परिसर, लातूर येथील उपपरिसर आणि किनवट येथील आदिवासी विकास व संशोधन केंद्र यांच्याद्वारे विद्यापीठाचे कार्य चालते. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे त्यापूर्वी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 'लातूर पॅटर्न' या नावाने पुढे राज्यभर परिचित झालेल्या अध्यापनपद्धतीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

१९९४ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात घेण्यासारखे आहे. याच वर्षी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची म्हणजे नॅकची स्थापना झाली आणि १९९४-९५ या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रथम पदवी स्तरावर व्यवसायाभिमुख विषय सुरू करण्याची योजना अमलात आणली. म्हणजे ज्या सुमारास नांदेडचे विद्यापीठ जन्मास आले, त्याच सुमारास देशातील उच्च शिक्षणाने गुणवत्ता व रोजगार हे दोन शब्द अनुदानाच्या परिभाषेत घेतले. या दोन शब्दांनी आपल्या भागातील विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्षात काय दिले आणि काय द्यावयाचे राहिले, याचा विचार करणे आवश्यक वाटते.

लेखाची उद्दिष्टे व स्वरूप

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. विद्यार्थ्यांचे अध्ययन व रोजगारक्षमता यांसाठी उपलब्ध असणाऱ्या अनुदानाचे प्रकार स्पष्ट करणे.
२. हे अनुदान महाविद्यालयास मिळण्याच्या अटी व प्रक्रिया समजून घेणे.
३. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामीण विद्यार्थ्यांच्या गरजा आणि अनुदानाची रचना यांतील अंतर दाखविणे.
४. प्रकल्प प्रस्ताव तयार करणाऱ्या प्राध्यापकांसाठी व्यवहार्य दिशा सुचविणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो अधिनियम, शासन निर्णय व योजनांच्या मार्गदर्शक तत्त्वांवर आधारित आहे. स्पष्टीकरणासाठी दिलेले अंदाजपत्रक कल्पित असून तसे त्या ठिकाणी नमूद केले आहे.

संकल्पना

महाविद्यालयास मिळणाऱ्या अनुदानाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिले वेतन अनुदान. हे राज्य शासन अनुदानित महाविद्यालयांतील मान्य पदांसाठी देते. दुसरे विकास अनुदान. इमारत, ग्रंथ, उपकरणे, वसतिगृह इत्यादींसाठी ते दिले जाते. तिसरे प्रकल्प अनुदान. एखादे निश्चित कार्य, निश्चित कालावधीत, निश्चित रकमेत पूर्ण करण्यासाठी ते मंजूर होते. या लेखाचा संबंध प्रामुख्याने तिसऱ्या प्रकाराशी आहे. वेतन अनुदान दरमहा येते, विकास अनुदान वस्तुरूपाने शिल्लक राहते. प्रकल्प अनुदान मात्र मुदत संपली की थांबते. म्हणून त्याचे मूल्यमापनही वेगळ्या कसोटीवर करावे लागते.

रोजगारक्षमता म्हणजे केवळ नोकरी मिळणे नव्हे. काम मिळविण्याची, मिळालेले काम टिकविण्याची आणि परिस्थिती बदलल्यास दुसरे काम शिकून घेण्याची पात्रता म्हणजे रोजगारक्षमता होय. या अर्थाने पाहता अध्ययन व रोजगारक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. जो विद्यार्थी वर्गात शिकलेली गोष्ट वर्गाबाहेर वापरून पाहतो, त्याचे अध्ययन पक्के होते आणि तोच पुढे कामास उपयुक्त ठरतो.

अनुदानाचे प्रवेशद्वार : कलम २(फ) व १२(ब)

विद्यापीठ अनुदान आयोगाची स्थापना १९५३ मध्ये झाली व १९५६ च्या अधिनियमाने त्यास वैधानिक दर्जा प्राप्त झाला. या अधिनियमाच्या कलम २(फ) अन्वये महाविद्यालयास आयोगाची मान्यता मिळते. तथापि केंद्रीय साहाय्य मिळण्यासाठी कलम १२(ब) अन्वये पात्र ठरणे आवश्यक असते. हे कलम १९७२ च्या दुरुस्तीने आले. केवळ २(फ) मध्ये नाव असणे म्हणजे ओळख मिळणे. १२(ब) मध्ये नाव येणे म्हणजे अनुदानाचे दार उघडणे, असे सोप्या भाषेत म्हणता येईल.

या भेदाचा परिणाम आपल्या भागात ठळकपणे दिसतो. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. अशा जुन्या व अनुदानित संस्थांकडे कायमस्वरूपी संलग्नता, स्वतःची इमारत, मान्य अध्यापकवर्ग व कार्यालयीन अनुभव आहे. याउलट तालुक्याच्या गावी किंवा त्याहून आत नंतरच्या काळात निघालेल्या अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांकडे यांतील फारच थोडे असते. नांदेड जिल्ह्यात १६ व लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. किनवट, माहूर, मुखेड, देगलूर किंवा जळकोट, देवणी या भागांतील विद्यार्थ्याची गरज शहरातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक असते. परंतु अनुदान गरजेच्या प्रमाणात न येता पात्रतेच्या प्रमाणात येते. यात कोणाचा हेतू वाईट आहे असे नव्हे. सार्वजनिक पैसा देताना अटी आवश्यकच असतात. परंतु त्या अटींमुळे जो विद्यार्थी बाहेर राहतो, त्याची दखल अन्य कोणीतरी घेणे भाग आहे.

आयोगाच्या कौशल्यविषयक योजना

दहाव्या पंचवार्षिक योजनेत (२००२-०७) आयोगाने करिअर ओरिएंटेड अभ्यासक्रमांची योजना व्यापक प्रमाणावर राबविली व अकराव्या योजनेत (२००७-१२) ती पुढे चालविली. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचा विद्यार्थी आपली पदवी घेत असतानाच प्रमाणपत्र, पदविका व उच्च पदविका अशा तीन पायऱ्यांनी एखादे कौशल्य शिकू शकेल, अशी तिची रचना होती. अकराव्या योजनेतील तत्त्वांनुसार एका अभ्यासक्रमासाठी मानव्यविद्या व वाणिज्य शाखेस ७ लाख रुपये आणि विज्ञान शाखेस १० लाख रुपये इतके बीजधन पाच वर्षांसाठी एकदाच दिले जात असे. ७ लाख रुपयांचे पाच वर्षांत समान विभाजन केल्यास वर्षाला १ लाख ४० हजार रुपये होतात. या रकमेतून उपकरणे, ग्रंथ, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचे मानधन आणि क्षेत्रकार्य भागवावयाचे होते.

'बीजधन' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बी पेरण्यापुरते धन आयोगाने द्यावे व पीक संस्थेने वाढवावे, ही त्यामागील कल्पना होती. अभ्यासक्रम पाच वर्षांनंतर शुल्कातून व स्थानिक साहाय्यातून स्वयंपूर्ण व्हावा अशी अपेक्षा होती. ज्या भागात विद्यार्थी पदवीचे मूळ शुल्कच शिष्यवृत्तीच्या आधारे भरतो, तेथे अतिरिक्त अभ्यासक्रमाचे शुल्क भरणारे पुरेसे विद्यार्थी मिळणे कठीण असते, हे या अपेक्षेत गृहीत धरलेले नव्हते.

पुढे २०१३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि २०१४ मध्ये बी. व्होक. पदवीची मार्गदर्शक तत्त्वे आली. या पदवीत सामान्य शिक्षणास ४० टक्के व कौशल्य घटकास ६० टक्के भार देण्यात आला. वर्षाला ६० श्रेयांक, त्यांपैकी ३६ कौशल्याचे. एक वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर उच्च पदविका व तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा, ही तिची वैशिष्ट्ये होत. कम्युनिटी कॉलेज व दीनदयाळ उपाध्याय कौशल केंद्र या योजनाही याच मालिकेतील होत. बाराव्या योजनेचा कालावधी ३१ मार्च २०१७ रोजी संपला आणि पंचवार्षिक योजनांची परंपराही त्याबरोबर थांबली. त्यामुळे दर पाच वर्षांनी प्रस्ताव मागविले जाणार, ही महाविद्यालयांच्या अंगवळणी पडलेली लय बदलली.

रूसा, पीएम-उषा व तांत्रिक शिक्षण

२०१३ मध्ये राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान म्हणजे रूसा सुरू झाले. यात अनुदान आयोगामार्फत थेट न येता राज्य शासनामार्फत येऊ लागले. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा हिस्सा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला. जून २०२३ मध्ये या अभियानास 'पीएम-उषा' असे नवे रूप देण्यात आले. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी त्याची एकूण तरतूद १२,९२६.१० कोटी रुपये होती. बहुविद्याशाखीय शिक्षण व संशोधन विद्यापीठासाठी १०० कोटी, विद्यापीठ बळकटीकरणासाठी २० कोटी आणि महाविद्यालय बळकटीकरणासाठी ५ कोटी रुपये अशा कमाल रकमा त्यात ठरविण्यात आल्या.

तांत्रिक शिक्षणाच्या क्षेत्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या तंत्रशिक्षण गुणवत्ता सुधार कार्यक्रमाचा, म्हणजे टेक्विपचा, उल्लेख करावा लागेल. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेचा या कार्यक्रमात सहभाग होता. तथापि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा व उद्योगसंपर्क हे अभ्यासक्रमाचे अंगभूत भाग म्हणून मिळतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत शिकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यास ते मुद्दाम उपलब्ध करून द्यावे लागतात, हा फरक विसरता येत नाही.

राज्य व विद्यापीठ पातळीवरील व्यवस्था

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या अधिनियमाने विद्यार्थी विकास, आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी मंडळे निर्माण केली आणि नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य या कार्यासाठी संचालकपदाची तरतूद केली. म्हणजे विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पांना आधार देण्यास आवश्यक ती वैधानिक चौकट उपलब्ध आहे. २००६ पासून राज्यातील विद्यापीठांत होणारी 'आविष्कार' संशोधन स्पर्धा विद्यार्थ्यांना स्वतःचा प्रकल्प मांडण्याची संधी देते.

'कमवा व शिका' ही योजना तर महाराष्ट्राची स्वतःची देणगी होय. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हे तत्त्व रुजविले. राज्यातील विद्यापीठांत आज या तत्त्वावर योजना चालतात. परंतु विद्यार्थ्यास मिळणारे काम पुष्कळदा बागकाम, स्वच्छता किंवा कार्यालयातील कागद लावणे एवढ्यापुरते राहते. अशा कामाने गरज भागते. कौशल्य वाढतेच असे नाही. ग्रंथालयातील संगणकीय नोंदी, प्रयोगशाळेतील पाणी व माती परीक्षण, स्थानिक कागदपत्रांचे अंकेक्षण अशी कामे या योजनेत आणल्यास एकाच रुपयात कमाई व शिक्षण दोन्ही साधतील.

मुख्य अडचण : श्रेयांक सर्वांना, खर्च कोणाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढून पदवीचा नवा श्रेयांक आराखडा ठरविला. संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून प्रथम वर्षास लागू झाला. या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प व समुदाय सहभाग यांना प्रत्येकी २ श्रेयांक असून तिसऱ्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंगला म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाला ४ श्रेयांक आहेत. २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात येते. कामाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक या हिशेबाने ४ श्रेयांकांसाठी १२० तास लागतात. रोज ६ तास धरल्यास हे २० दिवस होतात.

आता एखाद्या खेड्यातील विद्यार्थ्याचा विचार करू. गावातून लातूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या आस्थापनेत जाण्यायेण्यास रोज ६० रुपये लागतात असे मानले, तर २० दिवसांचे १,२०० रुपये होतात. एस. टी. महामंडळाचा विद्यार्थी सवलत पास गाव ते महाविद्यालय या मार्गासाठी असतो. प्रशिक्षणाचे ठिकाण वेगळ्या मार्गावर असल्यास तो उपयोगी पडत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत असल्याने विद्यार्थिनीचा खर्च निम्मा होतो. परंतु प्रवासखर्चाहून मोठा खर्च म्हणजे बुडणारी मजुरी. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत जो विद्यार्थी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याच्यासाठी २० दिवसांचे विनामोबदला प्रशिक्षण ही घरातल्या हिशेबातील बाब ठरते.

या टप्प्यावर उपलब्ध योजना पाहिल्या असता एक पोकळी दिसून येते. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरविण्यात आले. परंतु शिक्षण चालू असलेला विद्यार्थी या योजनेस पात्र नाही. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले. तेही पदवीनंतरच्या टप्प्यासाठी. विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी पदवीतच अंतर्भूत करणारे अभ्यासक्रम आयोगाने २०२० पासून मान्य केले असले, तरी त्यासाठी आस्थापनेशी करार असावा लागतो व मोठ्या आस्थापना ग्रामीण महाविद्यालयाच्या आसपास नसतात. दुसरीकडे विकास अनुदानाच्या मोठ्या रकमा इमारत व उपकरणे यांकडे वळतात. परिणामी पदवीच्या काळातील सक्तीच्या प्रशिक्षणाचा १,२०० रुपयांचा प्रश्न कोट्यवधींच्या योजनांमधून निसटतो. तो सुटला नाही, तर विद्यार्थी गावातल्याच एखाद्या ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून श्रेयांक पूर्ण करील. श्रेयांक नोंदला जाईल; शिकणे होणार नाही. हा धोका गंभीर आहे, कारण तो कोणत्याही अहवालात दिसणार नाही.

एका प्रकल्पाचे स्पष्टीकरणात्मक उदाहरण

छोट्या अनुदानातून काय होऊ शकते, हे दाखविण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. लातूर व नांदेड ही सोयाबीन व तुरीच्या पिकांची ठिकाणे. लातूरचा मोंढा, तेलगिरण्या व डाळगिरण्या प्रसिद्ध आहेत. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना आर्द्रतेची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात अनेक शेतकऱ्यांचा माल या मर्यादेत बसत नसल्याने केंद्र शासनाने नोव्हेंबरमध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. आपल्या मालात आर्द्रता किती आहे हे शेतकऱ्यास घरीच कळले असते, तर त्याने माल आणखी दोन दिवस वाळवून आणला असता. केंद्रावरून गाडी परत नेण्याची वेळ आली नसती.

तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयाने रसायनशास्त्र, वाणिज्य व अर्थशास्त्र या विभागांच्या ३० विद्यार्थ्यांसाठी 'शेतमालाची आर्द्रता तपासणी व प्रतवारी' असा प्रकल्प घेतला, असे समजू. त्याचे कल्पित अंदाजपत्रक असे : दोन आर्द्रतामापक ३०,००० रुपये; चाळण्या व वजनकाटा १२,००० रुपये; ३० विद्यार्थ्यांचा प्रत्येकी १० फेऱ्यांचा प्रवास, फेरीस ६० रुपये दराने, १८,००० रुपये; तज्ज्ञांची १२ व्याख्याने, प्रत्येकी ७५० रुपये दराने, ९,००० रुपये; नोंदवह्या व छपाई ६,००० रुपये; किरकोळ ५,००० रुपये. एकूण ८०,००० रुपये.

विज्ञानाचा विद्यार्थी यात मापन व त्यातील चूक ओळखणे शिकतो. वाणिज्याचा विद्यार्थी आडत, तोलाई, हमाली व पट्टी यांचा हिशेब समजून घेतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी हमीभाव व बाजारभाव यांतील फरकाची नोंद ठेवतो. गोदामे, शेतकरी उत्पादक कंपन्या, डाळगिरण्या यांना असे काम जाणणारी माणसे लागतात. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. अशा मालाची प्रतवारी, नोंद व वेष्टन हेही शिकण्यासारखे काम आहे.

वरील अंदाजपत्रकात उपकरणांचा खर्च ४२,००० रुपये असून तो एकदाच करावयाचा आहे. दुसऱ्या वर्षी आवर्ती खर्च ३८,००० रुपये, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे सुमारे १,२६७ रुपये येतो. ५०० नमुने प्रत्येकी २० रुपये दराने तपासल्यास १०,००० रुपये मिळतील. प्रत्येक विद्यार्थ्याकडून ३०० रुपये घेतल्यास ९,००० रुपये होतील. उरलेले १९,००० रुपये संस्थेस किंवा विद्यापीठास द्यावे लागतील. प्रस्तावातच ही तूट प्रामाणिकपणे दाखवावी. ती दाखविली नाही, तर दुसऱ्या वर्षी आर्द्रतामापक कपाटात व प्रकल्प कागदावर राहतो.

अंमलबजावणीतील अडचणी

अनुदान सामान्यतः हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याचा खर्च झाल्यावर सनदी लेखापालाने तपासलेला हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्यानंतर पुढील हप्ता येतो. दरम्यानच्या काळात काम थांबू नये म्हणून प्रकल्प चालविणारा प्राध्यापक स्वतःच्या खिशातून खर्च करतो, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा असेल. आर्थिक वर्षाच्या अखेरीस रक्कम आल्यास ३१ मार्चपूर्वी ती खर्च करण्याची घाई होते आणि घाईत वस्तू घेणे सोपे असते. वस्तूची पावती मिळते, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते, लेखापरीक्षकाचे समाधान होते. विद्यार्थ्याचे बसभाडे, शेतावर घेतलेला चहा, गावातील जाणत्या कारागिराला दिलेले मानधन यांच्या पावत्या जमविणे मात्र कठीण जाते. अशा रीतीने हिशेबाच्या सोयीमुळेच अनुदान विद्यार्थ्याकडून वस्तूकडे सरकते. यात गैरव्यवहार असतो असे नाही. तरीही शिकण्याची हानी होतेच.

दुसरी अडचण मूल्यमापनाची. किती विद्यार्थी सहभागी झाले, किती कार्यशाळा झाल्या, किती प्रमाणपत्रे वाटली हे आकडे अहवालात असतात. विद्यार्थ्यास आधी काय येत नव्हते व नंतर काय येऊ लागले, सहा महिन्यांनंतर तो काय करतो, याची नोंद क्वचित ठेवली जाते. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थी साहाय्य व प्रगती विचारात घेतली जाते. त्यामुळे अशी नोंद ठेवणे महाविद्यालयाच्या हिताचेही आहे.

येथे 'लातूर पॅटर्न'चा एक बोध घेण्यासारखा आहे. त्याचे यश अध्यापकांनी दिलेला जादा वेळ, नियमित सराव व बारकाईने केलेल्या तपासणीतून उभे राहिले. पैसा हे त्याचे मूळ नव्हते. मात्र तो पॅटर्न गुण व प्रवेशपरीक्षा यांभोवती फिरत राहिला. ज्यांना वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेश मिळाला नाही आणि जे बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. करीत आहेत, त्यांच्यासाठी तितकीच शिस्त व तितकाच वेळ देणारी व्यवस्था उभी राहावयाची आहे.

शिफारशी

१. विद्यापीठाने ५० हजार ते १ लाख रुपयांपर्यंतच्या छोट्या विद्यार्थी-प्रकल्पांसाठी स्वतंत्र निधी ठेवावा आणि त्यासाठी १२(ब) पात्रतेची अट नसावी. संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयांनाही त्याचा लाभ मिळावा.

२. प्रत्येक प्रकल्पात विद्यार्थ्यांचा प्रवास व भोजन यांसाठी किमान चतुर्थांश रक्कम राखून ठेवावी आणि स्वाक्षरीसह हजेरीपत्रक हा या खर्चाचा पुरेसा पुरावा मानावा.

३. जवळच्या चार-पाच महाविद्यालयांनी गट करून अनुभवी महाविद्यालयाने हिशेब व कार्यालयीन कामाची जबाबदारी घ्यावी. त्यामुळे आतल्या भागातील महाविद्यालयांना प्रस्ताव पाठविण्याचे धैर्य येईल.

४. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी खरेदी केंद्रे, गोदामे, ग्रामपंचायती, सहकारी बँका, प्राथमिक आरोग्य केंद्रे, छापखाने, डाळगिरण्या अशा स्थानिक ठिकाणांची तालुकानिहाय यादी करावी. काम गावाजवळ मिळाले, तर प्रवासखर्च व बुडणारी मजुरी दोन्ही कमी होतील. प्रशिक्षणाचे दिवस ठरविताना पेरणी व काढणीचा हंगाम टाळावा.

५. 'कमवा व शिका' योजनेतील कामे विद्यार्थ्याच्या विषयाशी जोडावीत.

६. प्रस्तावाच्या नमुन्यात 'अनुदान संपल्यानंतर काय?' हा रकाना अनिवार्य करावा आणि प्रकल्प संपल्यानंतर एक वर्षाने दोन पानांचा पाठपुरावा अहवाल मागवावा.

समारोप

अध्ययन व रोजगारक्षमता यांसाठी मिळणारे अनुदान हे साधन आहे, साध्य नव्हे, हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रस्ताव लिहिताना प्रारंभ कोणती वस्तू घ्यावयाची येथून न करता, विद्यार्थ्याने कोणते काम स्वतःच्या हाताने करावयाचे येथून करावा. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याकडे कष्टाची सवय आहे, शेतीची जाण आहे, दुष्काळ सोसण्याची चिकाटी आहे. अभ्यासक्रमाने आता त्याला महाविद्यालयाबाहेर जाण्यास सांगितले आहे. तेथपर्यंत जाण्याचे भाडे त्याच्या हाती असावे, तेथे शिकविणारे माणूस असावे आणि परत आल्यावर त्याने काय पाहिले हे ऐकून घेणारा प्राध्यापक असावा, एवढी व्यवस्था झाली तरी अनुदानाचे चीज होईल. २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात येणाऱ्या पहिल्या तुकडीसाठी ती व्यवस्था उभी करणे, ही विद्यापीठ व महाविद्यालये या दोघांचीही जबाबदारी होय.